धुऱ्यावरची बाभूळ

(जुना जालना. तरन्नुमचं काठ्यांचं दुकान. वाटूरहून लाकूड घेऊन आलेल्या द्वारकाबाई आणि त्यांचा मुलगा कल्याण.)

कल्याण : सांगितलं ना ताई, बाभूळच हाय. रंधा मारा, मूठ बसवा, झालं.

तरन्नुम : दादा, जल्दी नका करू. मावशीचं खुब्याचं ऑपरेशन झालंय म्हणता. सारा भार ह्या काठीवर येणार. लाकूड कोणतं ते बघू तर द्या.

द्वारकाबाई : बघ पोरी, बराबर बघ. माझ्या धुऱ्यावरची, शेताच्या बांधावरची बाभूळ हाय ती. मी दवाखान्यात व्हते, तव्हा दिरानं तोडली. आता म्हणतो, तिथं झाडच नव्हतं, धुरा अलीकडं, माझ्या वावरात हाय! त्याच बाभळीची काठी टेकत त्याच्या दारावरून जायचंय मला. रोज.

कल्याण : माय, गावभर वाजवायचं असतंय का हे?

द्वारकाबाई : वाजवीन! त्यानं तोडताना लाज बाळगली का?

तरन्नुम : मावशी, दात कशानं घासायच्या तुम्ही?

द्वारकाबाई : त्याच झाडाच्या काडीनं. लग्न होऊन आले तव्हापासून.

तरन्नुम : मंग ही साल जरा चावा. अब्बा गिऱ्हाइकाला असंच चाखायला द्यायचे.

कल्याण : तिला दात कुठं हायेत आता?

द्वारकाबाई : जीभ हाय ना! आण इकडं... थू! बाभूळ कशी तोंड आवळून घेती. हे तर पाण्यावानी लागून राह्यलं.

तरन्नुम : सुबाभूळ आहे ही.

कल्याण : ताई, मघाशी खुणावलं व्हतं तुम्हाला.

तरन्नुम : दिसलं मला. पण माझ्या दुकानातून खोटी काठी जाणार नाही. बिलकुल नाही.

द्वारकाबाई : कल्याण, कुठून आणली?

कल्याण : कॅनॉलच्या कडंची हाय. काकानं आपलं लाकूड कव्हाच विकलं. मला भांडण नको व्हतं, माय. तुझं समाधान व्हईल म्हणलं.

द्वारकाबाई : समाधान! मी काय लेकरू हाय का, खुळखुळा दिला की गप बसायला? बुडखा तर हाय ना जाग्यावर? धुरा कुठं व्हता, ते तोच सांगल.

कल्याण : हाय. उद्या जेसीबी लावून काढणार हायेत.

द्वारकाबाई : मंग ऊठ. आजच जायचं. बुडख्यावर जाऊन बसते. बघू कोण हलवतंय मला.

तरन्नुम : मावशी, काठी तर घ्या! बाभळीची तयार आहे माझ्याकडं.

द्वारकाबाई : ठेव पोरी, नंतर नेते. कल्याण, खांदा आण इकडं. आज तुला धरून चालते.