कडी आतून, मी बाहेर

...नाही, मला एक सांगा, स्वतःच्या घराची बेल वाजवली आणि आतून जाड आवाजात "कोण पाहिजे?" असं आलं, तर माणसानं उत्तर काय द्यायचं? कोण पाहिजे काय? मीच पाहिजे! म्हणजे मी आत पाहिजे! तुम्हाला सांगतो, दोन्ही हातांत बॅगा, पाठीमागे बायको, आणि दाराच्या त्या इवल्याशा भोकाला डोळा लावून कुणीतरी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतंय. भोक कुणी पाडून घेतलं? मी! दार कुणाचं? माझं! घर कुणाचं? अहो, माझं!

झालं काय, आमच्या खालच्या मजल्यावर भरदुपारी चोरी झाली, आणि तेव्हापासून मी हात धुऊन आमच्या दाराच्या मागे लागलो. तीन कुलपं लावली, साखळी लावली, आतून आडवी लोखंडी पट्टी ठोकून घेतली. सुतार म्हणाला, "साहेब, आता ह्याला दार म्हणायचं की तिजोरी?" म्हटलं, तू ठोक! नावाची पाटी काढून टाकली, चोराला आपलं नाव कशाला कळायला पाहिजे? भिंतीवरचे फोटो कपाटात कोंबले, चेहरे तरी कशाला ओळखीचे करून द्या? बायको म्हणाली, "अहो, चोर काय तुमचा फोटो बघायला येणार आहे?" बायकांना ना, गांभीर्यच नसतं.

मग मेहुणीकडे जायची वेळ आली. तिच्या घराची वास्तुशांत... जाऊ दे, तो विषय वेगळा. तर शेजारच्या काकूंना जादा किल्ल्या दिल्या, आणि सूचनांचा एक लांबलचक कागदही. म्हटलं, काकू, घर रिकामं वाटता कामा नये. खिडक्या उघडा, मिक्सर फिरवा, आणि मधूनमधून जरा पुरुषी आवाजात खोका! काकू म्हणाल्या, "मला मेलीला कुठलं जमतंय पुरुषी खोकायला?" आणि त्यांनी जावयाला बोलावून घेतलं. जावई गणिताचे मास्तर. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, त्यांनी मला नाही. त्यांना पेपर तपासायला निवांत जागा हवीच होती, ते बसले माझ्या खुर्चीत, पेपर तपासतायत आणि खोकतायत. इकडे मेहुणीकडे माझा जीव टांगणीला! घराचं काय झालं असेल, कुलूप नीट लागलं असेल ना... शेवटी बायकोला अर्ध्या जेवणावरून उठवलं आणि ठरल्याच्या आधीच परत आलो.

आणि काय? "कोण पाहिजे?"

म्हटलं, मी ह्या घराचा मालक! आतून मास्तर म्हणतात, "सगळे असंच म्हणतात." सगळे? सगळे कोण? माझ्यामागे किती मालक येऊन गेले? किल्ली फिरवली, कुलपं उघडली, दार ढिम्म हलेना. पट्टी! ओळखपत्र काढून भोकासमोर धरलं, तर म्हणे, "खोटी मिळतात. तशी सूचना आहे." सूचना कुणाची? माझी! काकूंना फोन लावला, तो आतच वाजला. म्हणे, काकू फोन इथेच विसरून दवाखान्यात! घर कुणाचं? माझं! आणि मी कुठे? पायपुसण्यावर!

"घरचेच असाल तर घरातलं सांगा," मास्तर म्हणाले, "आणि एकेकानं. चोर बाईला पुढे करतात, म्हणून प्रत्येकाला वेगळं विचारायचं अशी सूचना आहे." हो, तीही माझीच! कुठून मला एवढं सुचलं होतं, देव जाणे.

आधी बायको. "साखर कुठे असते?" ही म्हणाली, "ज्या डब्यावर मीठ लिहिलंय, त्यात." आत पावलं गेली, झाकण वाजलं, पावलं परत आली. "बरोबर. मोरीतला कुठला नळ गळतो?" "डावा. त्याला फडकं बांधलंय, निळं." पट्टी सरकली, खळ्ळकन साखळी निघाली, दार फटीएवढं उघडलं, ही आत, आणि माझ्या नाकावर दार धाड!

मग माझी तोंडी परीक्षा. "चहाची गाळणी कुठे टांगलेली असते?" मी म्हटलं, भिंतीला. "कुठल्या?" आता गाळणी काय मी टांगतो? "जाड चादरी कुठे ठेवता?" बायकोला माहीत! "हे उत्तर होत नाही." घामाघूम झालो हो! म्हटलं, मास्तर, दाराचं विचारा, दाराला सोळा स्क्रू आहेत, सोळाच्या सोळा मला पाठ आहेत! मास्तर शांतपणे म्हणतात, "ते बाहेरूनही मोजता येतात."

तेवढ्यात समोरच्यांचं दार किलकिलं झालं, बॅगांसकट मला बघितलं, आणि हळूच बंद झालं. म्हणजे काय वाटलं असेल त्यांना? बायकोनं हाकललं! मी दार बडवायला लागलो, "अगं, सांग ना त्यांना!" आतून मास्तरांचा आवाज, अगदी हळुवार, "ताई, आता तुम्ही सुरक्षित आहात. घाबरू नका. खरं सांगा, हा माणूस कोण?"

आणि तुम्हाला सांगतो... ही थांबली! लगेच बोलली नाही! इतकी वर्षं संसार केला, आणि विचार करतेय! मला तर आत कपबशीचा आवाजसुद्धा ऐकू आला. मग म्हणाली, "आमचेच आहेत ते. घ्या आत. पण त्यांना काही विचारू नका, त्यांना खरंच काही माहीत नसतं."

पट्टी सरकली. मास्तर हसतमुख, "या, या, बसा ना!" असं म्हणून मला माझ्याच घरात बसवलं, आणि स्वतः आत जाऊन माझ्याच पेल्यात पाणी आणून हातात दिलं. माझा राग नुसता उकळत होता. आता ह्याला चांगला फैलावर घ्यायचा म्हणून तोंड उघडलं... पण खुर्चीच्या काठावर टेकून, अंग चोरून, मी बोललो काय माहीत आहे?

"कशाला उगाच त्रास घेतलात!"