तिसरा कौल

मंडळी, आज एकच विचारतो. देवाला प्रश्न विचारलात आणि तो 'नाही' म्हणाला, तर तुम्ही काय करता? — खांबाला टेकलेले काका, मान डोलवू नका, तुमचं उत्तर मला ठाऊक आहे! ऐका.

कोकणात, घाटाच्या पायथ्याशी एक वाडी. वर गर्द राई, राईत काळा कातळ, कातळाच्या भेगेतून बारमाही धार. केवढी? करंगळीएवढी! पण वैशाखातही कधी तुटली नाही. शेजारीच देवीची पाषाणमूर्ती. पुजारी धाकू गुरव, घर राईला लागूनच, आणि त्याची आई गोदाई, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. तरी रोज पहाटे कळशी घेऊन एकटी झऱ्यावर जायची. कशी? धारेच्या आवाजावर! खडकावर पाणी पडायचं, तो आवाज धरून म्हातारी चालायची. देवीला पहिली कळशी तिची, चाळीस वर्षं. तुम्हाला डोळे असून देऊळ सापडत नाही, ते जाऊ द्या.

वाडीला वाटलं, घरोघरी नळ हवेत. चूक काय त्यात? बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरावा, असं मलाही वाटतं. पण उपाय काय काढला? कातळात सुरुंग लावायचा, भेग रुंद करायची! आता देवीला विचारल्याशिवाय कसं करणार? म्हणून कौल लावला. म्हणजे देवीच्या दोन खांद्यांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

पडलं डावं. झालं की! घरी जायचं ना? पण गावचा पुढारी दाजी म्हणाला, वारा आला असेल, पुन्हा लाव. पुन्हा लावला — पुन्हा डावं! तेव्हा गोदाई म्हणाली, "धाकू, ती दोनदा नाही म्हणाली. आता विचारू नको."

सगळी वाडी धाकूकडे बघत होती. त्याने तिसऱ्यांदा फुलं लावली, आणि मंडळी, सांगताना माझ्या अंगावर काटा येतो — डावं फूल त्याने अंगठ्याने दाबून बसवलं! उजवं पडलं. ढोल वाजले.

दुसऱ्या दिवशी सुरुंग उडाला. डोंगर हादरला, आणि पाणी मनगटाएवढं उसळलं! लोक नाचले, दाजीने नारळ फोडला. दिवस मावळेपर्यंत धार बोटाएवढी झाली होती. पण आनंदात तिकडे बघतो कोण?

पहाटे गोदाई निघाली. दहा पावलं चालली आणि थांबली. कान दिला. इकडे वळली, तिकडे वळली. अहो, स्वतःच्या अंगणात, रोजच्या वाटेवर, म्हातारी हरवली! धाकू धावत आला, तर ती विचारते, "बाळा, देवी उठून गेली काय रे?"

तो पळत कातळापाशी गेला. भेगेत हात घातला, तर हाताला कोरडी माती लागली. सुरुंगाने कातळ आतून तडकला होता, पाणी खोल कुठेतरी निघून गेलं होतं. परत येऊन तो आईच्या पायांशी बसला. म्हणाला, "आई, डावं फूल मी दाबलं होतं."

ती रागावली नाही, रडली नाही. तिने रिकामी कळशी त्याच्या हातात दिली. तेव्हापासून तो कोसभर खाली नदीवर जातो, आणि ती अंगणात डोंगराकडे कान लावून बसते.

दाजीला नावं ठेवताय मनातल्या मनात? उद्या घरी लेकीला विचाराल, स्थळ पसंत आहे का गं? ती म्हणेल, नाही. मग पुन्हा विचाराल. आणि तिसऱ्यांदा विचाराल तेव्हा तुमचा अंगठा कुठे असेल?

घ्या, हरीचं नाव घ्या. पण टाळी वाजवण्याआधी एकदा आपापला अंगठा बघा.