एकाच शीटवर सगळ्यांची सोय

शिंपीणबाईंना शिवलेले कपडे कुरिअरने पाठवायची घाई होती, आणि पुढच्या नवरा-बायकोने काउंटरवरच पार्सल फोडून रांग अडवली होती.

"अहो, बाजूला तरी व्हा! लोक खोळंबलेत," बायको म्हणाली.

"थांब गं. सर्किट बोर्ड नीट आलेत का बघू दे."

"आईंना बेल ऐकू येत नाही, बेलबरोबर पेटणारा तो दिवा घरात लागणार कधी?"

"लागेल म्हणतोय ना! हे बघ, काय सुबक काम आहे."

"हे आईंचं?"

"नाही, हे मित्राच्या माशांच्या टाकीचं. हे त्याच्या मेहुण्याच्या गिटारचं. कारखानेवाला एक-दोन नग करून देत नाही, म्हणून सगळ्यांची डिझाइनं मीच बोर्डाच्या एका शीटवर जुळवली. बोटभरही जागा वाया नाही!"

"आणि आईंचं?"

"असेल की खाली."

"खोकं रिकामं आहे."

"अगं, गिटारवाल्याचं मावेना, म्हणून आपलं जरा बाजूला काढलं होतं..."

"मग?"

"परत ठेवायचं राहिलं."

"धन्य आहे तुमची! साऱ्या जगाची सोय केलीत."

"पुन्हा पाठवतो ना. चार जण जमले की लगेच."

"परत चार जण जमवणार?"

"एकट्याचं परवडत नाही गं."

शिंपीणबाईंनी गठ्ठा या काखेतून त्या काखेत घेतला.

"बरं, चला आता. आपण आलेलं कळावं म्हणून आई दार सताड उघडं टाकून बसल्या असतील, एवढ्या थंडीत."