सेव्हचा आग्रह

बहिणीचं लग्न ठरलं अन् निलंग्याचे मामा रुसले. साखरपुड्याला आम्ही एकदाच फोन केला म्हणून! आता मामाबिगर नवरीला मांडवात कोण आणणार?

मी जँगोत, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरात, पाहुण्यांचं अ‍ॅप बनवलेलं. नाव सेव्ह केलं की निमंत्रणाचा मेसेज जाणार. पहिलं नाव मामांचंच टाकलं. पण सेव्हच्या कोडमध्ये मेसेज पाठवल्यावर मी परत सेव्हच लिहून ठेवलेलं! सेव्ह झालं की मेसेज, मेसेज गेला की सेव्ह. थांबतंय कशाला! घाबरून सर्व्हर बंद केला, तोच मामांचा फोन.

"बस कर रे भाच्या! इतका आग्रह करायलास, येतो की!"

कोडमधली ती परत सेव्हची ओळ काढली, मग बाकीच्यांना मेसेज पाठवले. तोवर मामांनी सगळ्यांना आपले मेसेज मिरवून सांगितलेले. लगेच देगलूरचे काका रुसले.

"मामाला मेसेजचा ढीग, अन् आम्हाला एकच व्हय?"