सहा फूट पाणी

महांतेश : ...आणि हे बटण दाबलं की चारी बाजूंनी गरम पाण्याच्या धारा येतात, अव्वा. गुडघ्यावर, कंबरेवर. तू फक्त टेकून बसायचं.

शिवम्मा : किती येळ?

महांतेश : वीस मिनिटं. सोलापूरचे डॉक्टरच म्हणाले ना, गरम पाण्यानं गुडघे मोकळे होतील.

शिवम्मा : आन वीस मिन्टं झाल्यावर दुसऱ्या बाजूनं उलटायचं का मला?

शिवलीला : आत्याबाई, चहा घ्या आधी. निवतोय.

शिवम्मा : घेते. महांतेश, तो मोबाइल बाजूला ठेव. चित्रं बघून झाली. मला त्या कढईत बसायचं न्हाय.

महांतेश : कढई नाही ती, हॉट टब आहे. पुण्यात आमच्या सायबांनी बंगल्याच्या मागं बसवलाय.

शिवम्मा : बसू दे की त्यांना. दिवाळीला तूच फोनवर इचारलंस, अव्वा, परसात पोहायचा तलाव करू का गरम पाण्याचा टब करू? म्या म्हणलं, तलाव. तवा ऐकू आलं न्हाय का?

महांतेश : आलं. पण मला वाटलं, तू उत्कर्षसाठी म्हणतेस. नातू सुट्टीत येईल, डुंबेल.

शिवम्मा : तुझा उत्कर्ष वर्साकाठी आठ दिवस येतो, ते बी मोबाइलात मान घालून. म्या माझ्यासाठी म्हणलं व्हतं.

महांतेश : तुझ्यासाठी? अव्वा, सदुसष्ट वय तुझं. दोन पायऱ्या चढताना भिंत धरतेस.

शिवम्मा : जमिनीवर धरते. पाण्यात कशाला धरीन?

शिवलीला : आत्याबाई, तुम्हाला पोहायला येतं?

शिवम्मा : घ्या. सोळा वर्सं झाली तुला ह्या घरात येऊन, आज इचारलंस. येतं. तुझ्या नवऱ्याला न्हाय येत.

महांतेश : मला कुणी शिकवलंच नाही.

शिवम्मा : शिकवायला मी व्हते की. पर विहिरीकडं नुसतं बघायची बी चोरी व्हती मला.

महांतेश : कसली चोरी?

शिवम्मा : सांगते. आधी तुझं मुद्द्याचं बोलून घे. पोटात ठेवू नको.

महांतेश : मुद्द्याचं म्हणजे पाणी. पोहायच्या तलावाला पन्नास हजार लिटर लागतं, टबाला हजारभर. एप्रिलमध्ये गावात टँकर येतो. लोक घागरी घेऊन रांगेत, आणि आपल्या मागच्या दारी निळंशार पाणी. लोक तोंडात शेण घालतील.

शिवम्मा : निळं कशाला? औषध टाकायचंच न्हाय. शिवलीला, डाळिंबाला सोडायचं पाणी आपण कुठं साठवतो?

शिवलीला : त्या जुन्या हौदात.

शिवम्मा : जो तीन वर्सं गळतोय. लाईटीचा भरवसा न्हाय, म्हणून लाईट आली की बोअरचं पाणी हौदात घ्यायचं आन तिथून ठिबकला सोडायचं. नवा हौद बांधायचा हाय का न्हाय?

महांतेश : बांधायचाय.

शिवम्मा : मग तोच परसात बांधू. जरा लांब करू, पायऱ्या ठेवू. पाणी बोअरमधून येईल आन डाळिंबाला जाईल. मधल्या मधी मी पोहीन. डाळिंबाला काय कळतंय कोण पोहून गेलं ते.

महांतेश : आणि टँकरची रांग?

शिवम्मा : हौदाला रस्त्याच्या अंगानं एक तोटी काढायची. टँकर न्हाय आला त्या दिवशी वापरायला नेतील लोक. तुझ्या टबातलं कुणी नेईल का?

शिवलीला : हे बरोबर आहे हं.

महांतेश : तू कुणाच्या बाजूनं आहेस?

शिवलीला : हौदाच्या. अहो, एक विचारू? सकाळी परसात चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारलेल्या दिसल्या. मला वाटलं टबासाठी तुम्हीच मारून घेतल्या. पण टबाला इतकी जागा कशाला?

महांतेश : मी कुठं मारल्या? टबाला आठ फूट बास आहे. किती लांब आहेत रेघा?

शिवलीला : तीसेक फूट असतील.

शिवम्मा : बत्तीस. परवा हणमंतप्पा गवंडी येऊन गेला. मी उभी राहून मारून घेतल्या.

महांतेश : मला न विचारता?

शिवम्मा : तू टब मला इचारून ठरवलास व्हय?

महांतेश : बरं. खोली किती सांगितलीस त्याला?

शिवम्मा : पायऱ्यांकडं तीन फूट. पलीकडच्या टोकाला सहा.

महांतेश : सहा? तू पाच फूट पण नाहीस, अव्वा. चारच ठेवू.

शिवम्मा : चार फुटात म्हशी बसत्यात. पाय टेकला की पोहणं कसलं? सहा म्हणजे सहा.

महांतेश : जगदेवीकाकू काल म्हणाली मला, तुझ्या आईला ह्या वयात काय सुचतंय. तेव्हा कळलं नाही मला, ती कशाबद्दल बोलतेय.

शिवम्मा : आता कळलं ना? म्हणू दे. ती माझ्या लग्नात बी हेच म्हणत व्हती, नवरी लई मोठ्यानं हसती.

शिवलीला : आत्याबाई, ती चोरीची गोष्ट राहिली.

शिवम्मा : माहेरी आमच्या मळ्यात विहीर व्हती. माझ्या बानं पाठीला वाळका भोपळा बांधून ढकललं मला. सात वर्साची व्हते. दहाची झाले तवा वरच्या दगडावरून मुटका मारायची. लगीन होऊन इथं आले, तर इथं बी विहीर. लई आनंद झाला मला. दुपारी बाया धुणं घेऊन जायच्या, मी धुणं आवरून पाण्यात उतरायची. लुगड्यासकट.

महांतेश : आजी काही म्हणायची नाही?

शिवम्मा : पयले दोन महिने काय म्हणली न्हाय. मग एक दिवस पोहता पोहता गळ्यातल्या लिंगाचा दोरा तुटला. लिंग डबीसकट पाण्यात गेलं.

महांतेश : इष्टलिंग?

शिवम्मा : व्हय. काठावरच्या बाया रडायलाच लागल्या. लिंग अंगावेगळं झालं म्हणजे जीवच गेल्यासारखं, हे तुला सांगायला नको. दोन माणूस पाणी व्हतं. मी बुडी मारली, न्हाय घावलं. दुसरी मारली, न्हाय घावलं. तिसऱ्या बुडीला गाळात हात घातला आन डबी हाताला लागली. मूठ आवळून वर आले. नाकातून रगत येत व्हतं.

शिवलीला : कुणी शाबास तरी म्हणालं का?

शिवम्मा : तुझ्या आजेसासूनं जंगमस्वामींना बोलावलं, पूजा केली, ते बरोबरच केलं. मग सगळ्यांपुढं म्हणली, हिचा पाय पुन्हा विहिरीला लागायचा न्हाय. पोहण्यानं लिंग गेलं. आन मी दोन महिने सांगत व्हते, माझा दोरा कुजलाय, नवा आणा. बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. दोरा कुणी आणला न्हाय, आन बंद केलं पोहणं. ह्याचा राग मला अजून हाय.

महांतेश : हे तू कधी बोलली नाहीस.

शिवम्मा : बोलले की. आजी गेली तवा तुझ्या अप्पांना इचारलं, आता उतरू का. म्हणले, पोरं मोठी झाली, बरं दिसत न्हाय. अप्पा गेले. आता तू म्हणतोस, टबात बस. एकोणपन्नास वर्सं झाली, महांतेश. गुडघ्याच्या वर पाणी लागलं न्हाय मला. न्हाणीत तांब्यानं घेते तेवढंच.

महांतेश : मला भीती वाटते, अव्वा. बाकी काही नाही. आम्ही पुण्यात, तू इथं पाण्यात.

शिवम्मा : वाटू दे. काठाला लोखंडी कडी लाव, दोर लाव, काय लावायचं ते लाव. एकटी उतरणार न्हाय, हा शब्द देते. पर उतरणार.

महांतेश : आणि उन्हाळ्यात बोअरच आटला तर?

शिवम्मा : तर पावसाळ्यापतोर थांबीन. थांबायची सवय हाय मला.

शिवलीला : आत्याबाई, पुण्याहून आले की तुमच्याबरोबर मी उतरले तर? मला काहीच येत नाही. पाण्यात तोंड घालायचीसुद्धा भीती वाटते.

शिवम्मा : माळ्यावर दोन भोपळे वाळत ठेवलेत. एक तुझा.

महांतेश : दोन? म्हणजे हे सगळं तू आधीच...

शिवम्मा : दुसरा तुझा. लाजू नको, परसाला भिंत हाय.

महांतेश : आता टबवाल्याला काय सांगू मी?

शिवम्मा : सांग, म्हातारीनं ऐकलं न्हाय.

महांतेश : सांगतो. हणमंतप्पाला उद्या बोलावून घेतो, कड्या कुठं लावायच्या ते बघू. एक राहिलं, अव्वा. लिंग गळ्यात ठेवूनच उतरणार ना तू?

शिवम्मा : मग काय खुंटीला अडकवून उतरू?

महांतेश : तसं नाही. पुन्हा दोरा तुटला तर?

(शिवम्मा पदर बाजूला सारून गळ्यातला दोरा बाहेर काढते. दोन्ही हातांनी ओढून दाखवते. फक्की पडली त्याच दिवशी तिनं त्याला दुहेरी गाठ मारली होती, आणि कुणीतरी विचारावं म्हणून दोन दिवस ती वाट बघत होती.)

शिवम्मा : नवा हाय. ह्या वेळी माझा मीच आणला.