कमरेएवढे स्पीकर

जुन्या, महागड्या स्पीकरांच्या दुकानात दोघींचे नवरे आत गाणं ऐकत होते. एकीचा विकायला आलेला, दुसरीचा घ्यायला. बाहेर बाकावर माझ्याशेजारी त्या दोघी बसल्या होत्या.

“यांना घेऊच द्यायचे नाहीत, असं ठरवून आलेय मी. माझ्या कमरेएवढे आहेत हो! ठेवायचे कुठे?”

“आम्ही सोफा काढला.”

“अगंबाई! मग पाहुणे आले की?”

“उभ्याउभ्या चहा घेतात नि निघतात. नाहीतर आमच्या नणंदबाई महिना महिना मुक्काम ठोकायच्या.”

“आणि आता?”

“फोन करतात.”

“मग असलं सोनं विकताय कशाला?”

“माझी आई यायचीय राहायला.”

दुसरी उठून तडक आतल्या दाराशी गेली.

“अहो, ऐकलंत का? याहून मोठे आहेत का, विचारा!”