वायरीला मारलेल्या गाठी

माझं तोंड कोणी बंद करू शकत नाही म्हणता ना? एकदा झालं होतं बंद. ऐका.

आमची रश्मी वरच्या खोलीतल्या कम्प्युटरवर गेम खेळते. तो खेळ लोकांना थेट दाखवणारा दुसरा कम्प्युटर खाली, नेटच्या डब्याजवळ. मधे अंगणातून लांब वायर. संध्याकाळी तिची स्पर्धा, आणि दुपारी यांनी कडुनिंबाची फांदी तोडताना वायरच तोडली.

मी ओरडायच्या आत यांनी आतल्या बारीक तारा एकेक करून गाठी मारून जोडून टाकल्या. तेही वरच्या प्लास्टिकसकट! जन्म हातमागावर गेला; धागा तुटला की गाठ मारायची, एवढंच ठाऊक.

"ओढून पाह्य," म्हणाले. "तुटनार नाई."

तुटली नाही. पण खाली चित्रही येईना. रश्मी जिना उतरून धडधडत आली.

"आई, कोनं केलं हे?"

मी बोट दाखवणारच होते. तिनं त्या एकसारख्या गाठी पाहिल्या, मग बापाचं तोंड पाहिलं.

"बाबा, वर लय गरम होऊन राहिलं. मी खाली कूलरपाशी बसतो."

आम्ही दोघींनी तिचा जड कम्प्युटर खाली आणला. यांची पाठ वळताच तिनं टेबलामागून हातभर दुसरी वायर जोडली. चित्र आलं.

"पाह्य वं," हे मला म्हणाले, "धरली ना गाठ!"

पोरीनं माझा हात घट्ट दाबला. मी गिळलं सगळं.

आता गल्लीत कोणाचं नेट बंद पडलं की हे चपला घालतात. मी दारातच अडवते. काहून, ते अजून सांगितलं नाही.